बाराव्या बाईची ओ

हसनाबाद, ता. भोकरदन
मार्च १९९९

प्रिय गिरिजा,

हे पत्र माझ्या हाताचं आहे. दरवेळी मी सांगते आन् तुझा बाप लिहितो, पण रामकिसन माझी निम्मी वाक्यं गाळतो आन् खाली 'सर्व कुशल' लिहून मोकळा होतो. यावेळी त्याला दूर ठेवलं. साक्षरतेच्या वर्गात गेल्ते ते कामाला आलं. तीन दुपारी बसून लिहून राह्यले, तवा तू जल्दी जल्दी वाचू नको.

इकडं ज्वारी निघाली, कडबा रचून झाला. तुझ्या आईनं जुन्या जालन्यातून दोन साड्या आणल्या, पहिल्या धुण्यात रंग गेला. मी दुकानातच बोलले होते, पण माझं कोण ऐकतं. माझे गुडघे आहेत तसेच आहेत.

तुझं पत्र रामकिसननं ओट्यावर मोठ्यानं वाचलं. सर्जेराव चहाला बसला होता. एवढी जमीन, पण माणसाला दुसऱ्याच्या घरचा चहा सुटत न्हाई. ऐकून तो खूप हसला. म्हणाला, एका बिल्ल्यासाठी पोरीनं रॉकेट अडवलं म्हणा की. तुझा बाप पण त्याच्यासंगं हसला. मी बशा उचलल्या आन् आत गेले.

खरं सांगते, तुझं काम मला आधी कळायचंच न्हाई. बाया विचारायच्या, नात काय करते? मी सांगायची, रॉकेटच्या सरकारी खात्यात आहे, तिकडं समुद्राकाठी. बनवते का? न्हाई. उडवते का? न्हाई. मंग पगार कशाचा घेते? मागल्या दिवाळीला तू चुलीपाशी बसून समजावलंस. आत कामाला गेलेल्या प्रत्येक माणसाचा बिल्ला फळ्यावरून निघतो, माणूस बाहेर आला की परत खिळ्याला लागतो. सगळे खिळे भरल्याबिगर रॉकेटात तेल भरायचं न्हाई, आन् हो म्हणायचं ते तू. एवढं ऐकल्यावर मला बराबर कळलं. माणसं मोजायचं काम आहे ते. मी पण तेच करत होते.

तू लहान होतीस तवा सर्जेरावानं पहिली मळणीची मशीन आणली. ट्रॅक्टरवर चालायची. पेंढ्या टाकायला बारा बाया, मी त्यांची मुकादमीण. मशीन सारखी तुंबायची, आन् तुंबली की आत हात घालून भुसा उपसायचा. शेजारच्या गावात एका बाईचा हात गेल्ता. म्हणून मी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं, मशीन तुंबली की ट्रॅक्टरची चावी माझ्या कमरेला. साफ झालं की मी बाराही जणींची नावं घेणार, बाराही जणी ओ देणार, मंगच चावी सुटणार. ट्रॅक्टरवाला बद्रीनाथ चिडला, बाईमाणसाच्या कमरेची चावी मागत फिरू का म्हणे. मी म्हणले, फिर. तीन हंगाम तो फिरला. कुणाचं नख तुटलं न्हाई. तीन हंगाम सर्जेराव पण बोलत राह्यला, या बाईच्या हजेरीपायी माझा दिवस जातो. काही झालं न्हाई की लोकांना वाटतं, काही होणारच नव्हतं. तुझ्या खात्यातल्या साहेबाचं पण तसंच झालंय.

त्र्याऐंशी साली चैतात गहू काढत होतो. दुपारी आभाळ भरून आलं, गारांचं आभाळ. खळ्यावर गहू उघडा. मशीन तुंबली, बाया साफ करायला लागल्या. सर्जेराव डोक्यावर उभा, आवर आवर करत. पुढचं तुला घरात जे सांगितलं तेच माहीत आहे. सत्यशीलाकाकूनं कुणाला न विचारता हात घातला, ट्रॅक्टर चालू झाला, कोपरापासून हात गेला. गाव आजपर्यंत तेच सांगतं. तू तिला डाव्या हातानं पीठ मळताना पाहिलंस, तवा विचारलंस, काकूनं असं का केलं. मी तुला सांगितलं, घाई नडली तिला.

घाई तिची नव्हती. मी नावं घेतली होती. अकरा जणींनी ओ दिली. सत्यशीलाची आली न्हाई. मला वाटलं पाण्याला गेली असंल. आभाळाकडं पाहिलं, सर्जेरावाकडं पाहिलं आन् चावी बद्रीनाथच्या हातात दिली. एवढंच. मंग लोकांनी विचारलं तवा मीच म्हणले की तिनं विचारलं न्हाई. दवाखान्यातून ती आली तवर गोष्ट पक्की होऊन गेल्ती, आन् तिनं ती कधी खोडली न्हाई. सोळा वर्षं ती माझ्या घरी येते, मी तिच्या घरी जाते. मला कुणी बोल लावला न्हाई, उलट सर्जेराव म्हणाला, गोजरबाईमुळं गहू वाचला.

तुझ्या फळ्यावर एक खिळा रिकामा राह्यला म्हणून तू हो म्हणली न्हाईस, आन् तो कामगार क्वार्टरमध्ये झोपलेला सापडला, बिल्ला खिशात घेऊन. चांगलं झालं. त्याला शोधण्यात दोन तास गेले, वारं फिरलं, रॉकेट चार दिवस लांबलं. आता साहेबाला तुझ्याकडून लिहून पाहिजे की माझं चुकलं, इथून पुढं फोरमनच्या शब्दावर हो म्हणत जाईन. पंधरा दिवसांची मुदत, आन् तू लिहितेस की सही करून सुटते, रोज हसं होण्यापेक्षा बरं. तुझा बाप म्हणतो बिलकुल बराबर आहे. त्याला हे पत्र दाखवलं न्हाई ते म्हणूनच.

काल इथवर लिहून झालं आन् मी ते घेऊन सत्यशीलाकडं गेले. तुला सांगायच्या आधी तिला सांगणं भाग होतं. वाचून दाखवलं. माझं वाचणं सावकाश, त्यामुळं तिला लई वेळ ऐकावं लागलं. झाल्यावर तिनं तांदळाचं सूप खाली ठेवलं. मंग म्हणाली, "गोजरअक्का, मी ओ दिल्ती. डोकं आत होतं, तोंडात भुसा, तुला ऐकू गेली न्हाई. वाटलं, तू अजून एकदा हाक मारशील." मी हात जोडले. ती म्हणाली, ते राहू दे, पोरीला हे पण लिही. म्हणून लिहिलं. गिरिजा, तुझी हाक दोन तास चालू होती, आन् तो कामगार घरी झोपलेला होता. माणूस घरी आहे का आत अडकलाय, हे आपण हाक मारतो तवा आपल्याला ठाऊक नसतं. नोकरी गेली तर घरी ये, खायला आहे. पण त्या कागदावर सही करू नको.

तुझीच आजी
गोजरबाई