झोपेनं भरलेला

९ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. आई ठीक, मी ठीक. तू उत्तर देत नाहीस म्हणून मी लिहायचं थांबेन, या भ्रमात राहू नकोस.

आधी गंमत ऐक. बागेत झाडांच्या नावांच्या पाट्या मी रंगवते, ते तुला ठाऊकच आहे. परवा एका झाडाला लॅटिन विशेषण आलं, 'सोम्नोलेंटा'. संध्याकाळ झाली की पानं मिटतं म्हणे. झाडाचं नाव 'अस'नं संपतंय बघून मी शहाणीनं 'सोम्नोलेंटस' रंगवून टाकलं! बागेच्या बाई हसल्या. "अगं, लॅटिनमध्ये बहुतेक झाडं बायका असतात, नाव कसंही संपो." पुरुष असेल तर लेंटस, बाई लेंटा, वस्तू लेंटम. त्यापेक्षा आपलं 'झोपाळू' बरं, कुणापुढंही बदलत नाही. मग मी खोदतच बसले. 'सोम्नस' म्हणजे झोप, आणि तो आपल्या 'स्वप्न' शब्दाचा चुलतभाऊ निघाला! पुढची शेपटी म्हणजे 'भरलेला'.

घरी येऊन बाबांना सांगितलं. एक डोळा उघडून म्हणाले, "म्हणजे मी रिकामा नाही तर!" आणि लगेच घोरायला लागले.

हं, तर बाबा. रात्रपाळी कधीच सुटली, पण आता दिवसरात्र झोपतात. घास तोंडात असतानासुद्धा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदूचा आजार आहे, झोप वाढतच जाणार आणि एक दिवस ते उठणार नाहीत. तोवर मोठ्यानं बोलत राहा, घरच्यांच्या हाकेला अजून जागे होतील.

इथंच घोडं अडलंय. बाबा दिवसा झोपायचे म्हणून आपण खुणांनी भांडलो, उशीत तोंड खुपसून हसलो. आई अजून भांडं ठेवताना खाली फडकं घालते. काल त्यांच्या खोलीत हाक मारायला गेले, तर घशातून कुजबुजच निघाली. रडूच आलं रे मला. शेजारणीला ओरडायला लावलं, पण परक्या आवाजाला ते ढिम्म हलत नाहीत.

या घरात भसाडा आवाज एकच होता. "आवाज करायचा तर बाहेर हो," म्हणाले बाबा, आणि तू खरंच झालास. चूक त्यांचीच होती. पण हल्ली जाग आली की पहिलं हेच विचारतात, "घर इतकं शांत का?"

राग सोड म्हणत नाही. रागावूनच ये, पण लवकर ये. दारातूनच ओरड. आता तुला कुणी गप्प बस म्हणणार नाही.

तुझी,
अजून कुजबुजणारी
धाकटी