कोरं नाक

१ मार्च

पोचलो एकदाचे! नणंदबाईंचं शिवणयंत्र जिन्यात अडकलं आणि हमालाने आम्हा तिघींचा यथेच्छ उद्धार केला, पण पोचलो. घर नव्या नोकरीच्या संशोधन संस्थेनेच दिलंय. दोन खोल्या, ताजा चुना, खाली बेकरी. सकाळी खिडकी उघडली की पावाचा वास थेट उशीपर्यंत येणार, म्हणजे गजराचे पैसे वाचले.

जन्मभर चहाच्या कंपनीत पत्तीचा वास घेतला, आता म्हणे माणसांचा घ्यायचा. नणंदबाई म्हणाल्या, तुझ्या नाकाचं कौतुक करणारी माणसं जगात आहेत हे ऐकून बरं वाटलं. भाऊ गेला तरी वहिनीची पाठ यांनी सोडली नाही, असं मी त्यांना चिडवते. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं: मी ठकीसाठी राहते, तुझ्यासाठी राहतंय कोण?

ठकी सात वर्षांची आहे, पण अंगात सात वारे भरलेले. वेणी घालताना क्षणभर स्वस्थ बसेल तर शपथ. आज दोनदा पेड सुटले. शेवटी तिची टाळू हुंगली आणि राग गेला. कोमट दूध आणि उन्हात वाळलेली चादर. डोळे बांधून हजार पोरांत सोडलं तरी मी माझी पोर ओळखेन.

४ मार्च

या गावात एक आजार आहे. लोक त्याला नुसतं ‘थांबणं’ म्हणतात. शिंप्याची सून थांबली, पोस्टमन थांबला. माणूस आधी थोडा संथ होतो, कमी बोलतो. मग एक दिवस हातातलं काम हातातच राहतं. डोळे उघडे, श्वास चालू, पण माणूस हलत नाही. रक्तात काही सापडत नाही. मात्र थांबण्याच्या बरंच आधी अंगाला एक वास सुटतो, हे एका नर्सच्या लक्षात आलं आणि त्यावरून हे सगळं संशोधन उभं राहिलं.

आमच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. उंचीने माझ्या खांद्याला लागतात, पण दरारा असा की दारही हळू लावावं. त्यांनी कामाची पद्धत सांगितली. लोकांनी रात्रभर घातलेलं कोरं बनियन काचेच्या बरणीत येतं. आपण झाकण काढायचं, नाक घालायचं आणि सांगायचं: आहे किंवा नाही. ज्यांना ‘आहे’ त्यांना वरच्या मजल्यावर ठेवून औषध सुरू करायचं. लवकर कळलं तर माणूस वाचेल, अशी त्यांची आशा आहे.

आज परीक्षा म्हणून थांबलेल्या माणसांच्या बरण्या इतर बरण्यांत मिसळून ठेवल्या होत्या. पहिल्याच झटक्यात कळलं. कुबट! भिजलेली छत्री तशीच मिटून ठेवावी आणि महिन्याने उघडावी, तसा. एकही चुकली नाही.

मोठ्या बाईंनी विचारलं, इतक्या बरण्यांनंतर नाक गोंधळत कसं नाही? मी त्यांना चहाच्या कंपनीतली रीत दाखवली. दोन वासांच्या मध्ये आपल्याच कोपराच्या वळणात, बाहीत, नाक खुपसायचं. आपला वास आपल्याला येत नसतो, म्हणून नाक पुन्हा कोरं होतं. बाई इतक्या खूश झाल्या की सगळ्या वास घेणाऱ्यांना आजपासून हीच रीत लावून दिली. आल्या आल्या मी गुरू झाले की!

१९ मार्च

काम जोरात आहे. बेकरीवाली मला ‘नाकवाल्या बाई’ म्हणते आणि पाव जरा मोठा देते.

आज नणंदबाईंनी जेवताना तोंड वाकडं केलं. म्हणाल्या, तुझ्या अंगाला हल्ली बंद कपाटासारखा कुबट वास येतो, साबण बदल. मी लगेच बाही हुंगली. काही नाही! दुसरी हुंगली, तरी काही नाही. ज्यांना करपलेली भाजी शेजारणीने सांगितल्यावर कळते, त्या माझ्या नाकाला शिकवणार! मी हसून सोडून दिलं, पण खरं सांगायचं तर रागच आला. चिडून दोन घास कमी जेवले.

९ एप्रिल

आजाराचा वास बदललाय. आधीसारखा कुबट राहिला नाही, थोडा गोडूस झालाय, कोमट. बाकीच्या वास घेणाऱ्यांचंही तेच म्हणणं. मोठ्या बाई म्हणाल्या, आजार रूप बदलतो, त्यात नवल नाही. थांबलेल्यांच्या बरण्या पुन्हा मध्ये मिसळून एकदा परीक्षा घ्यावी का, असं मी विचारलं. बाईंनी हात झटकला. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणाल्या.

‘आहे’ची संख्या फार वाढली आहे. वरचा मजला भरला, गच्चीवरही पलंग टाकलेत. थांबलेले आणि नुकतेच सापडलेले एकाच ठिकाणी, दुसरी जागाच नाही. पण आनंदाची गोष्ट अशी की औषध लागू पडतंय. वर ठेवलेल्या माणसांचा वास तीन-चार आठवड्यांत साफ जातो! मीच तपासून त्यांना घरी पाठवते. एका म्हाताऱ्या आजोबांनी निघताना माझे हात कपाळाला लावले. मला रडू आलं.

घरीही शांतता आहे. नणंदबाई साबणाचं नाव काढत नाहीत. हरल्या बिचाऱ्या.

२ मे

वाईट दिवस. बँकेतला रोखपाल नोटा मोजता मोजता थांबला. मागची रांग कितीतरी वेळ शिव्या देत उभी होती म्हणे. त्याची बरणी मीच तपासली होती. ‘नाही’ म्हणाले होते. मागच्या आठवड्यात शाळेतल्या बाई थांबल्या, त्याही ‘नाही’. आणि ते हात कपाळाला लावणारे आजोबा त्यांच्या अंगणात नळी हातात धरून उभे सापडले. पाणी वाहून वाहून शेजाऱ्यांच्या दारात गेलं होतं.

मी बरण्या आणणाऱ्या नर्सवर तोंड सोडलं. अदलाबदल तूच करतेस, म्हणाले. ती रडली नाही, रागावलीही नाही, नुसती बघत राहिली. मग फार वेळाने, सावकाश, नाही म्हणाली.

मोठ्या बाईंकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली. काहीतरी म्हणतील म्हणून थांबले. बऱ्याच वेळाने म्हणाल्या की काम चालू ठेवा.

नाक शाबूत आहे. बेकरीचा पाव इथूनही ओळखते. मग चूक कुठे होतेय?

११ मे



ठकीच्या अंगाला तो वास येतोय.

संध्याकाळी खेळून आली आणि गळ्यात पडली, तेव्हा भपकाराच आला. गोडूस, कोमट, अगदी तोच. बाही हुंगली, नाक कोरं केलं, पुन्हा तिच्या टाळूला लावलं. आहे. चार वेळा बघितलं. पोर खिदळत होती, तिला वाटलं मी गुदगुल्या करतेय.

नणंदबाईंना तपासलं. नाही. मला तर नाहीच. सगळ्या घरात फक्त माझ्या पोरीला! देवा, माझं नाक खोटं ठरू दे. गेल्या जन्मीचं काही असेल तर मला दे, तिला नको.

१३ मे

वर जागा नाही म्हणाले. मी पदर पसरला, हातापाया पडले, शेवटी भांडले. इतक्यांना तुम्ही माझ्या शब्दावर पलंग दिलात आणि माझ्या लेकीला नाही? दिला. खिडकीजवळचा आहे, दोन थांबलेल्या बायकांच्या मध्ये.

ठकीने माझा पदर सोडला नाही. एक एक बोट सोडवावं लागलं.

मला वाटलं होतं नणंदबाई घर डोक्यावर घेतील. ठकीसाठी राहते म्हणणारी बाई! पण त्या नुसत्या दारात उभ्या होत्या. मी परत आले तेव्हाही तिथेच होत्या. दुःखाने माणूस असा होतो.

२० मे

भेटीला जाते. ठकी म्हणते, इथली माणसं डोळे उघडे ठेवून झोपतात. शेजारच्या मावशींच्या केसांत तिने रिबिन बांधली तरी त्या काही बोलल्या नाहीत. म्हणते, आई, इथे सगळ्यांना घाण वास येतो, छत्रीसारखा. मी म्हटलं, औषधाचा असेल.

मला तर काहीच येत नाही.

घरी ने म्हणून रडली. मी जीव दगडाचा केला. बरी होऊनच येशील, म्हणाले.

२ जून

गेला! वास गेला! आज टाळूला नाक लावलं, अगदी कोरं! दुसऱ्या वास घेणाऱ्या बाईलाही बोलावून खात्री केली. माझं लेकरू वाचलं. बेकरीतून केक आणला, मेणबत्तीसुद्धा लावली. वाढदिवस नाही तर नाही.

ठकी किती शहाणी झालीये. वेणी घालताना जराही हलली नाही.

४ जून

सकाळी उठले तर नळ चालू. नणंदबाई नळापाशी उभ्या, हातात पातेलं. पाणी पातेल्यातून, हातावरून, लुगड्यावरून वाहतंय. हाक मारली. गदागदा हलवलं. डोळे उघडे.

हल्ली त्या बोलत नव्हत्या. मी म्हटलं, हरल्या. दोन महिने मला तेच वाटत होतं!

पुन्हा हुंगलं. काही नाही. थांबलेल्या माणसाला वास नाही, असं कसं होईल?

५ जून

नीट लिहायचंय. डोकं ठिकाणावर आहे तोवर लिहायला हवं.

आज परगावाहून नव्या बरण्या घेऊन गाडीवाला आला. धडधाकट, मोठ्या आवाजाचा माणूस. त्याच्या गावात आजार नाही. तो आत आला आणि मला त्याच्या अंगाचा भपकारा आला. गोडूस, कोमट.

त्यानेही नाकाला रुमाल लावला. विचारत होता, भिजलेल्या छत्र्या कुठे कोंबल्यात तुम्ही? सगळी इमारत कुबट मारतेय.

मी तळघरात धावले. पहिल्या दिवशीच्या, थांबलेल्या माणसांच्या बरण्या शीतकपाटात अजून आहेत. एक उघडली. काही नाही. दुसरी उघडली, त्यातही नाही. बाही हुंगली. काही नाही. बरणी, बाही, बरणी, बाही. एकच. सगळं एकच.

नाक मेलं नव्हतं. कोरं कशावर करायचं, ते बदललं होतं. बरण्यांत इतकं खोल नाक घालून आजार मीच घेतला, आम्ही सगळ्यांनी घेतला, आणि आपल्याच बाहीवर नाक कोरं करत राहिलो. माझ्यासारखा ज्याला वास, तो ‘नाही’. निरोगी तो ‘आहे’. धडधाकट माणसं मी निवडून निवडून वर पाठवली, आजाऱ्यांच्या मध्ये झोपवली आणि माझ्यासारखी झाली की बरी म्हणून घरी सोडली.

दूध आणि उन्हातली चादर.

तो वास आजाराचा नव्हता. तो माझ्या ठकीचा वास होता. पहिल्या दिवसापासून तिचाच होता. मी माझ्या हाताने—एक एक बोट सोडवून—

मोठ्या बाईंना सांगायला गेले. खुर्चीत बसल्या होत्या. कानाला फोन. पलीकडून कोणीतरी हॅलो, हॅलो करत होतं.

६ जून

गाडीवाल्याला ओरडून पळवलं. परत येऊ नको म्हटलं. इथलं कोणी गाडीत घेऊ नको. त्याला कळलं का, माहीत नाही. शब्द फार हळू निघतात. तोंडात मऊ भात असल्यासारखे.

ठकी चालते. बोलते पण. विचारलं की उत्तर येतं. थोडं उशिरा.

अजून वेळ असेल. तिला इतक्यात झाला. मला मार्चपासून. म्हणजे तिला वेळ आहे. असलाच पाहिजे. उद्या तिला घेऊन गावाबाहेर—पण बाहेर नेलं तर बाहेरच्यांना—

कोणाकडे जाऊ? वास कोण घेणार? नाक कोणाचं—

७ जून

पावाचा वास येतोय. बेकरी चालू आहे. नाही. जळका आहे. पाव भट्टीतच—कोणी काढत नाहीये.

खाली हाक मारायला हवी. जाईन. वेणी झाली की.

ठकीला समोर बसवलंय. वही मांडीवर. दोन पेड घातले. मग हे लिहायला घेतलं. किती वेळ झाला? ऊन भिंतीवर होतं. आता नाहीये.

ठकी हलत नाही. शहाणी—

नाही. नाही नाही. ठकी, मागे बघ. चिडव मला. पेड सोड. पळ ना गं बाई, नेहमीसारखी—

टाळूला नाक लावलं. कोरं.

मी हाक मारतेय. ठकी. ठकी. ती वळत नाही. मी मोठ्याने मारतेय हाक—

मारतेय ना? आवाज आला नाही. तोंडाने मारली की नुसतीच लिहि—