तारेतलं ‘प्रॉबेब्ली’

लालासाहेब,

नावाआधी चिरंजीव लिहू की कैलासवासी, ठरेना.

एकाहत्तरच्या लढाईत तुझ्याबद्दल तार आली: ‘प्रॉबेब्ली किल्ड’. बहुतेक ठार. गावात इंग्रजी वाचणारा मी एकटा मास्तर. तुझ्या आईपुढे, रंगूबाईंपुढे, ‘बहुतेक’ तोंडातून निघेना. मी ‘कदाचित’ म्हणालो.

“म्हंजी येईल बी?” रंगूबाईंनी विचारलं. मी होकारार्थी मान हलवली.

पाच वर्षं झाली. फलटणची एसटी आली की त्या अजून तुझ्यासाठी भाकरतुकडा घेऊन उंबऱ्यात उभ्या राहतात.

काल खरं सांगायला दारात गेलो, तेवढ्यात एसटी आली. माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेवरून त्यांनी तुकडा ओवाळून टाकला.

“मास्तर, जरा सरका की. त्येला आत येऊ द्या.”

मी सरकलो.

तुझा गुरुजी,
गोपाळकृष्ण