कॅप्टनच्या जागी

सोम्यूर, ३ ऑक्टोबर १८५९

एकदाचं काम मिळालं, आणि तेही नुसतं उभं राहण्याचं. तूर शहरातल्या नाटक कंपनीत मी बिनबोलाचा शिपाई व्हायचो. इथे थेट घोडदळाचा कॅप्टन झालोय. या घरचा मुलगा, कॅप्टन गाएताँ, जूनमध्ये इटलीतल्या लढाईत पडला. जाण्याआधी तो तैलचित्रासाठी बसला होता, पण चेहरा तेवढा पुरा झाला. खाली कोरा कॅनव्हास. माझा बांधा आणि उंची त्याच्यासारखीच. मी त्याचा गणवेश चढवून उभं राहायचं आणि चित्रकार बोद्रीने उरलेलं रंगवायचं. कॅप्टनच्या आई, मादाम व्होब्रँ, यांनी स्वतः माझ्या गणवेशाच्या गळ्याचे हूक लावले. फार मायाळू बाई.

स्वयंपाकीण सिदोनी मात्र फटकळ. म्हणाली, "गणवेश चढवून कोणी कॅप्टन होत नाही. जेवायला बसता मात्र जनरलसारखे." पण सशाचा रस्सा वाढताना तिने हात आखडला नाही.

६ ऑक्टोबर

बूट रंगवून झाले. काळ्या चामड्यावर पडलेली खिडकीच्या उजेडाची रेघ बघतच राहावी अशी. संध्याकाळी माझी पावलं बधिर झाली. उभं राहून होतात, नाटकातही व्हायची. खूप चोळली, पण गार ती गारच. माझे कपडे धुवायला नेलेत, ते अजून परत आले नाहीत. मादाम मला आता गाएताँ म्हणतात. त्यांची चूक दाखवायला मन धजलं नाही.

९ ऑक्टोबर

चित्र कमरेपर्यंत आलं. सकाळी पलंगावरून उतरताना मी कोसळलो. सिदोनीने सावरलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "बाजारची गाडी नदीपलीकडे निघालीय. मी चढवते तुम्हाला, पण आत्ताच निघा." मी कारण विचारलं. चौकट पुसताना तिचा हात चित्रातल्या बुटाला लागला होता. बूट उबदार होता म्हणे, आत जिवंत पाय असावा तसा. मी हसलो. अर्धं काम टाकून गेलो तर कंपनीत तोंड कसं दाखवू?

गाडी गेली.

१२ ऑक्टोबर

पाय हलतच नाहीत. दोघा गड्यांनी मला उचलून चित्रासमोर एका खांबाला बांधलं. पडशील रे, म्हणाल्या मादाम. आज छाती आणि पदक. माझा श्वास अर्ध्यावरच अडकतो. बोद्रीने माझ्याकडे पाहिलं, मग चित्राकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मीही पाहिलं. चित्रातली बटणं वर-खाली होत होती.

सिदोनीला कामावरून काढलं.

१४ ऑक्टोबर

डावा हात काल झाला. आज बोद्री पळाला, रंग, ब्रश, सगळं टाकून. मी ओरडलो, मला सोडव. त्याने वळूनही पाहिलं नाही.

तरी बरं वाटलं. रंगवणाराच गेला. उजव्या हाताला अजून कोणी शिवलेलं नाही. वही समोरच्या फळीवर आहे, लिहिता येतं. दोरीची गाठ मात्र पाठीमागे —

१५ ऑक्टोबर

मादामनी बाह्या वर सारल्या. लहानपणी मठात चित्रकला शिकल्यात. रंग कालवताहेत, घाई नाही.

मी रडलो. माझं नाव सांगितलं. मादाम चित्राशीच बोलताहेत. "एवढा हात झाला की आपण जेवायला बसू हं, बाळा."

चित्रातल्या गाएताँची पापणी लवली.

आन्सेल्म. माझं नाव आन्सेल्म तुर्नो.

करंगळी गेली. तिच्या शेजारचं —

पेन्सिल दोन बोटांत. तूरला माझी बहीण आहे. तिला सांगा, मी मेलेलो नाही, मी इथेच, या खो