एकशे अठ्ठावीस कोण बदलतं?

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार, संध्याकाळी ५.४०
अर्नाळ्याच्या मच्छीमार सोसायटीत बसून वजनकाट्याजवळच्या सहा कॉम्प्युटरांत आकडे भरतोय. पत्त्यांचे शेवटचे आकडे १४१ ते १४६. डीफॉल्ट गेटवे, म्हणजे नेटकडे जायचं दार — १. सबनेट मास्क, म्हणजे आपलं घर कुठवर ते सांगणारा आकडा — शेवटी १२८. भुईगावच्या शाळेत नेट बसवलं तेव्हा वहीत उतरवला होता, तोच. दोनदा ताडून पाहिला. चालवून बघता येत नाही; सेक्रेटरी मार्थाबाई पाचलाच राउटर बंद करून जातात. लाईट बिल!
मला इथे नेटच्या कामावर कायम करणार की नाही, पुढच्या मंगळवारी कळेल.

४ नोव्हेंबर
नऊला पोचलो. सकाळचा लिलाव नीट झालेला, वजनं नेटवरून व्यापाऱ्यांना गेलेली. पण सहाही मशिनांवर १२८ च्या जागी ०! सकाळी तिथे फक्त काट्यावरचा ऑस्कर असतो. माझ्याआधी नेटचं तोच बघायचा. विचारलं, तर म्हणाला, "भूत असंल रे. मासली खायला येतंय." वर हसला!
संध्याकाळी राउटर बंद झाल्यावर, जाताना परत १२८ केले.

५ नोव्हेंबर
पुन्हा ०. पुन्हा १२८.

७ नोव्हेंबर
आता खात्री झाली, ऑस्करच. मी आयटीआय अर्ध्यात सोडलं, हे त्याला माहीत आहे. आज म्हणतो, "वेदांता, ती वही ठेव बाजूला. मंगळवार जाऊ दे, मग सांगतो तुला एक गोष्ट." धमकीच ही! फोटो काढले, वेळेसकट.

८ नोव्हेंबर
फोटो मार्थाबाईंना दाखवले.
"ऑस्कर, तू बदललंस?"
"हो." एवढंच. माझ्याकडे बघत राहिला.
"सोमवारपासून बर्फ फोडायला जा. काटा वेदांत बघेल."
संध्याकाळी जाताना निर्धास्तपणे १२८ भरले.

१० नोव्हेंबर
सहाला लिलाव सुरू. एकही वजन बाहेर जाईना! आकडे माझेच, १२८, कोणी हात लावलेला नाही. व्यापाऱ्यांचे फोनवर फोन. बायका टोपल्या घेऊन ओरडतायत — "बर्फाचा पानी झाला, अजून वजन नाय?" बाईंनी ऑस्करला बोलावलं. त्याने ओले हात शर्टाला पुसले, सहाही ठिकाणी ० टाकला. सगळं धडाधड गेलं.
१२८ असला की १४१ च्या मशिनाला १ चं दार आपल्या घरातलं वाटतच नाही. शाळेत तो आकडा बरोबर होता, इथे नाही. रोज सकाळी तो माझी चूक पुसत होता.
"काय झालं होतं रे?" बाईंनी विचारलं.
"वायर ढिली होती," ऑस्कर म्हणाला.
मी वही पिशवीत सरकवली.

११ नोव्हेंबर
कायम केल्याचं पत्र मिळालं. ऑस्कर बर्फावरच आहे. मी सही केली.