तळघरातल्या प्रयोगशाळेची वाटणी

मी, सौ. प्रभा मोहन खांबेटे, वय वर्षे एकसष्ट, मूळची सांगलीची, हल्ली मुक्काम नेकारसुल्म, जर्मनी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट 'आत्ताच कशाला' असेच घरचे म्हणाले. पुढच्या आठवड्यात हायडेलबर्गला माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. डॉक्टरांच्या मते काळजीचे कारण नाही. तरीही माझ्यामागे काही वस्तू अशा राहतात की त्यांना भलत्या माणसाने हात लावू नये, आणि काही गोष्टी अशा, की मी नीट सांगितल्या नाहीत तर लोक त्या पुन्हा चुकीच्या सांगतील. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

एक. राहत्या घराचा माझा अर्धा हिस्सा आणि बँकेत माझ्या नावावर जे असेल ते माझे यजमान श्री. मोहन दत्तात्रय खांबेटे यांना द्यावे. त्यांच्यामागे सर्व आमचा मुलगा चि. निहार याला. निहारला पुढे घर विकायचे असेल तर त्याने खुशाल विकावे, पण हे हयात असेपर्यंत यांना स्वतःकडे इंगोलश्टाटला नेऊन ठेवू नये. यांना तिथे करमत नाही, आणि ते कधी बोलून दाखवणार नाहीत.

दोन. आता तळघर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. हे मोटारीच्या कारखान्यात कामाला लागल्यावर काही वर्षांनी शेजारच्या हेर हाउग यांच्या नादाने नेमबाजांच्या फेराइनमध्ये, म्हणजे इथल्या क्लबात, जाऊ लागले, आणि यांच्यामागोमाग मी. यांना नेमबाजीची गोडी लागली. मला लागली ती काडतुसांची. उडवून झालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकून न देता ती साफ करायची, तिच्यात नवी पावडर मोजून घालायची, वर गोळी बसवायची. त्यासाठी सरकारी परवाना लागतो. मी रीतसर शिकले, परीक्षा दिली, परवाना काढला. मराठीत या पावडरीला दारू म्हणतात, म्हणून सांगलीला कोणाशी बोलताना मी तो शब्द कधी वापरला नाही. नुसते 'केमिकल' म्हणायची. खोटेपणाची सुरुवात कदाचित तिथेच झाली असेल.

माझे पिस्तूल, माझ्या वाट्याची पावडर व पुंगळीच्या बुडाशी बसवायच्या ठिणगीच्या टोप्या यांना वारसाने हात लावू नये. निहारकडे परवाना नाही, आणि त्याला यातले काही नकोच आहे. हेर हाउग यांच्याकडे परवाना आहे. त्यांनी परवान्याच्या ऑफिसला कळवून सर्व काही ताब्यात घ्यावे. काडतुसे भरायचे यंत्रही त्यांनीच घ्यावे. उघडलेल्या डब्यांतली उरलीसुरली पावडर एका डब्यात एकत्र करू नये. दोन वेगळ्या पावडरी मिसळल्या की ती कशी जळेल हे कोणालाच सांगता येत नाही. ज्या डब्यावरची चिठ्ठी निघाली आहे, ती पावडर वापरू नये. 'ही बहुतेक तीच असावी' असे म्हणून तर मुळीच नाही.

तीन. वजनकाटा आणि त्याची वजने माझ्या बहिणीची मुलगी कौमुदी हिला द्यावीत. ती तिने मागितली आहेत. कशी मागितली हे सांगायचे तर सगळेच सांगावे लागेल. कलम लांबले तर वाचणाऱ्याने समजून घ्यावे.

मी केमिस्ट्रीत एम. एस्सी. झाले तेव्हा आमच्या बाबांनी, जे सांगलीला हेडमास्तर होते, सगळ्या शाळेला पेढे वाटले होते. लग्न होऊन इथे आल्यावर त्यांचा प्रत्येक पत्रात एकच प्रश्न असे: प्रयोगशाळेत लागलीस का? मी माझी पदवी इथल्या ऑफिसात दाखवली. तिथला कारकून म्हणाला, ही इथे पुरी धरता येणार नाही. मी घरी आले, निहार झाला, आणि प्रश्न येतच राहिला.

काडतुसांची परीक्षा पास झाले त्या वर्षी तळघरात एक दिवस यांनी माझा फोटो काढला. पांढरा एप्रन, डोळ्यांवर संरक्षक चष्मा, समोर वजनकाटा. "हसू नकोस," हे म्हणाले, "शास्त्रज्ञ हसत नाहीत." ती थट्टा होती. मी तो फोटो बाबांना पाठवला आणि मागे लिहिले, 'कामावर असताना'. एवढेच. पुढचे बाबांनी स्वतः रचले, आणि मी रचू दिले. आमची प्रभा जर्मनीत संशोधक आहे, असे ते दाराशी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. मी सुट्टीत गेले की मलाही लोकांसमोर विचारत, आणि मी उत्तरे देत असे. काय काम चालते ते बाहेर बोलायची परवानगी नाही, असेही एकदा सांगितले. बाबा गेले तेव्हा तो फोटो त्यांच्या खाटेसमोर भिंतीवर होता.

माझी धाकटी बहीण सौ. लतिका सांगलीतच राहिली. बी. ए. करून तिने शाळेत नोकरी धरली आणि निवृत्त होईपर्यंत केली. तिची मुलगी कौमुदी केमिस्ट्री घेऊन पुढे गेली, आणि डॉक्टरेट करायला कार्ल्सरूहला आली. आमच्यापासून दोन तासांवर. शनिवार-रविवार आमच्याकडे येई. आली की म्हणे, "मावशी, तुझी लॅब कधी दाखवतेस?" मी म्हणे, बाहेरच्यांना आत सोडत नाहीत. हे ताटात बघत जेवत राहत.

पुढच्या उन्हाळ्यात फेराइनचा खुला दिवस होता. आत एका टेबलाशी मी आणि हेर हाउग बसलो होतो. त्यांनी नवे पिस्तूल घेतले होते, आणि त्यासाठी दोहोंपैकी कोणती पावडर घ्यावी हे त्यांचे ठरत नव्हते.

मी म्हणाले, "पिस्तुलाची नळी आखूड. गोळी बाहेर पडेपर्यंत पावडर जळून संपायला हवी, म्हणजे लवकर जळणारीच हवी. तशा या दोन्ही आहेत. पण ही पहिली इतकी थोडी लागते की पुंगळीच्या तळाशीच राहते. तुमचं लक्ष चुकून एकाच पुंगळीत ती दोनदा पडली, तरी वरून बघून कळणार नाही. मग पिस्तूल हातातच फुटेल. दुसरी फुगीर आहे. दोनदा पडली तर सांडते. चूक लगेच दिसते."

"पण पहिलीचा डबा जास्त दिवस पुरतो," हेर हाउग म्हणाले.

"पुरू दे. तुम्ही चूक दिसेल अशी घ्या. आणि सुरुवात कारखान्याच्या तक्त्यातल्या सगळ्यात कमी मापाने करा. मित्रांनी सांगितलेलं माप घेऊ नका, मी सांगितलेलंही नाही."

"मावशी," मागून आवाज आला.

कौमुदी उभी होती. तिच्याबरोबर तिच्या इन्स्टिट्यूटमधली एक जर्मन मुलगी होती. न कळवता आल्या होत्या. घरी यांनी त्यांना इकडे पाठवले होते. का पाठवले, हे मी यांना अजून विचारलेले नाही. कौमुदीने त्या मुलीला सांगितले, "हीच माझी मावशी. प्रयोगशाळेत असते."

मी मराठीत पटकन म्हणाले, "हे आपलं सुट्टीचं. लॅब वेगळी." म्हणजे त्या क्षणीही मी खोटेच बोलले. ते मी विसरलेले नाही.

त्या मुलीने हेर हाउगना सहज विचारले, कोणत्या प्रयोगशाळेत? ते हसले. "प्रयोगशाळेत? फ्राउ खांबेटे? नाइन, नाइन. त्या कधीच कुठे कामाला नव्हत्या. पण या विषयात आमच्याकडे त्यांच्या तोडीचं कोणी नाही." ते बिचारे कौतुक करत होते. आणखीही बरेच बोलले. मला वर बघता येईना, म्हणून मी टेबलावरच्या पुंगळ्या ओळीत लावत राहिले.

बाहेर गाड्यांपाशी कौमुदीने विचारले, "खरं काय ते एकदा सांग."

"मी घरीच असते."

"कधीपासून?"

"आल्यापासून."

तिने त्या जर्मन मुलीला पुढे व्हायला सांगितले. मग म्हणाली, "मला दहावीनंतर कॉमर्सला जायचं होतं. आजोबा तुझ्या फोटोकडे बोट दाखवायचे. गेलं वर्षभर माझं काम अडलंय, सोडून परत जावंसं वाटतं, तेव्हा मी स्वतःला तुझं नाव सांगते. आता काय सांगू?"

मी पुन्हा आत टेबलाशी गेले. त्यानंतर दीड वर्ष ती आमच्याकडे आली नाही. फोन केला की "कामात आहे" एवढेच म्हणे. निहारला सांगितले तर तो नेहमीप्रमाणे जर्मनमध्ये म्हणाला, "आई, दास वार डॉख नुर आइन फोटो." फोटोच तर होता नुसता. त्याने मायेने म्हटले. पण त्या फोटोखाली एक मुलगी वाढली होती.

चार. सांगलीच्या फ्लॅटमधला माझा अर्धा हिस्सा बहीण सौ. लतिका हिला द्यावा. तिथे ती राहते, आणि तो तिनेच सांभाळला आहे. ही भरपाई समजू नये. तिने तशी समजून नाकारला, तर तिला गळ घालू नये, पण हिस्सा तिच्याच नावावर राहू द्यावा.

तिला मी हे सर्व फोनवर सांगितले. कौमुदीने सांगायला लावले नव्हते. पण ती आईपासून लपवत होती, म्हणजे माझे खोटे आता तिच्या डोक्यावर होते, आणि ते मला बघवेना. लतिकाने सगळे ऐकून घेतले. शेवटी म्हणाली, "म्हणजे नोकरी मी केली."

मी म्हणाले, "हो."

"रोज सकाळी डबे करून शाळेत गेले. दुखण्यात बाबांचं सगळं मी केलं, प्रभाताई. मी त्यांना भरवत असायची आणि ते विचारायचे, प्रभाच्या प्रयोगशाळेतून फोन आला का. मला वाटायचं, खरंच आहे, आपण काय केलं तिच्यापुढे."

मी "लतिका" म्हणाले, तोवर तिने फोन ठेवला होता. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. तिचे चुकते असे मला वाटत नाही. कौमुदीपुढे लाज वाटली ती पकडले गेल्याची होती. लतिकापुढची वेगळी आहे. ती सकाळी उठल्याबरोबर असते. बाबांचा तो फोटो लतिकाने ठेवावा, फाडावा, काय हवे ते करावे.

पाच. जुने हिशेब. यांच्यावर माझा राग होता, की फोटो यांनी काढला आणि नंतर कधी बोलले नाहीत. तो मी सोडला. पाठवला मी होता. दुसरा राग त्या ऑफिसातल्या कारकुनावर. त्याने माझे आयुष्य बंद केले असे मी सगळ्यांना, स्वतःलाही, सांगत आले. हे खरे नाही. पदवी पुरी धरता येणार नाही, हे तो म्हणाला. पण स्टुटगार्टला दोन वर्षे शिकलात तर धरता येईल, हेही त्याने सांगितले होते. हे गाडी चालवून सोडायला तयार होते. निहारला बघायला फ्राउ हाउग तयार होत्या. मीच गेले नाही. माझे जर्मन मोडके होते, आणि विशीतल्या मुलांमध्ये बसून चुकायची मला भीती वाटली. दरवाजा उघडा होता, असे येथे लिहून ठेवते.

सहा. पाटल्या व बाबांनी लग्नात दिलेली मोत्यांची कुडी कौमुदीला. फोननंतर तीन-चार महिन्यांनी, थंडीत, ती आली. दारातच म्हणाली, "आईला सांगितलंस ते कळलं. ती फार रडली. मी तुझी बाजू घेणार नाही."

"नको घेऊस."

"जेवायला काय आहे?"

वरणभात होता. जेवून तिने तळघर बघायला मागितले. मी दाखवले. तिने काट्यावर वजन ठेवून बघितले, मग उचलून पुन्हा ठेवले, काटा त्याच जागी आला, आणि म्हणाली, "हा मला हवा. तू असताना नको, नंतर." गेल्या वर्षी तिची डॉक्टरेट झाली. तिला आता कोणाचे नाव घ्यावे लागत नाही. समारंभाला लतिका भारतातून आली होती. म्हणून मी गेले नाही.

सात. माझे दहन करावे. फेराइनने बंदुकांची सलामी देऊ नये. शेजारी लहान मुले आहेत. दिवस वगैरे यांना वाटेल तसे करावेत.

आठ. काल हॉस्पिटलात नाव लिहून घेताना नर्सने विचारले, व्यवसाय? मी 'हाउसफ्राउ' म्हणाले. इतक्या हळू, की तिने मान वर करून पुन्हा विचारले, आणि मला दुसऱ्यांदा सांगावे लागले. माझ्या मृत्यूच्या दाखल्यावर तोच शब्द लिहावा. सांगलीच्या पेपरात बातमी दिली, तर तिथे 'गृहिणी' असे छापावे. शास्त्रज्ञ, संशोधक, केमिस्ट यांपैकी काहीही, कोणी कितीही प्रेमाने सुचवले, तरी लिहू नये. ही सूचना नाही, अट आहे.

येथवरचे मी लिहून, दोनदा वाचून, पुढील दोघांसमोर सही करीत आहे. इथल्या कायद्याला साक्षीदारांची गरज नाही. मला आहे, दोन मराठी माणसांनी हे माझ्यादेखत वाचावे असे मला वाटले. दोघांनाही या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. दोघांनी पूर्ण वाचले आहे. मी खिडकीशी उभी होते.

सही: प्रभा मोहन खांबेटे

साक्षीदार:
१. सौ. उल्का श्रीराम पाटणकर, हाइलब्रॉन (सही)
२. श्री. हृषिकेश वसंत मुळगुंद, नेकारसुल्म (सही)

स्थळ: नेकारसुल्म
दिनांक: ९ मार्च २००८