प्याला धरायला या

दि. ६ मार्च

प्रिय ताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

पत्र टाइप केलेलं पाहून रागावू नकोस, कारण पुढे येतंच आहे. आम्ही खुशाल आहोत. तुझ्या भावजयीचा शिवणवर्ग जोरात चालू आहे. प्रार्थनामंदिराच्या छताची गळती थांबली, आणि ऑर्गनची एक पट्टी दाबली की दोन वाजतात, ते अजून तसंच आहे. तू नर्सची नोकरी सोडलीस तरी शेजाऱ्यापाजाऱ्यांचे रक्तदाब मोजत फिरतेस हे कळलं. त्यांना सुखानं आजारी तरी पडू देत जा.

आता खरं सांगतो. माझा उजवा हात थरथरतो. आधी वाटलं थकवा असेल. गुपचूप दुसऱ्या गावच्या डॉक्टरांना दाखवून आलो. कंपवात आहे म्हणाले. औषधानं आवरता येईल, जाणार मात्र नाही.

आमच्या चर्चच्या मंडळीची रीत तुला आठवत असेल. प्रभुभोजनाला सगळ्यांना मिळून द्राक्षरसाचा एकच मोठा प्याला, आणि पाळकानं, म्हणजे मी, तो स्वतः रांगेतून नेऊन प्रत्येकाच्या ओठांना लावायचा. सांडू नये म्हणून मी तो अर्धा भरू लागलो, मग त्याहून कमी. तर झालं काय, लोकांना वाटलं की मंडळीला द्राक्षरस परवडेनासा झालाय. आता दर रविवारी कोणी ना कोणी दाराशी बाटली ठेवून जातं. माझ्या खोलीतलं कपाट रसानं गच्च भरलंय आणि प्याला मात्र रिकामाच फिरतो. तू हसशील. मीही हसलो असतो.

मागच्या महिन्यात सर्दीचं निमित्त करून प्रभुभोजन पुढे ढकललं. असं किती वेळा ढकलणार? हात स्थिर व्हावा म्हणून रोज प्रार्थना करतो, आणि आमेन म्हणताना तोच हात टेबलावर टकटक वाजतो. लोक माझ्याकडे आधाराला येतात गं. पाळकच डळमळीत दिसला तर त्यांनी कुणाकडे बघायचं? तब्येतीला इथली हवा मानवत नाही असं सांगून राजीनामा द्यावा म्हणतो. हिला अजून काही बोललेलो नाही. तूही बोलू नकोस.

लोभ तुझा होताच, आता जरा जास्त लागेल.
तुझा,
धाकटा

दि. १३ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद व सलाम.

पत्र वाचून आधी रडले, मग तुझा राग आला, मग चहा केला. आता लिहायला बसले आहे.

कंपवाताची माणसं मी बरीच सांभाळली आहेत. औषध वेळच्या वेळी घे, रोज चाल, आणि घाई करू नकोस, घाईनं कंप वाढतो. हे झालं नर्सचं. आता बहिणीचं ऐक.

वॉर्डात पडायचं कोण, ठाऊक आहे? ज्याला उभं राहता येत नाही तो नाही. तो हाक मारतो, आपण जाऊन धरतो. पडायचा तो, ज्याला वाटायचं की कुणाला कशाला त्रास, मी जातो एकटा बाथरूमपर्यंत. असल्या स्वाभिमानी लोकांना जमिनीवरून उचलता उचलता माझी कंबर गेली. तू त्यातलाच एक होऊ नकोस.

तुझे भावोजी गेले तेव्हा मी डोळे कोरडे ठेवून पाहुण्यांची सरबराई करत होते. तू मला खुर्चीवर बसवलंस आणि म्हणालास की ताई, देवाला तुझी हुशारी नको आहे, तू रड. ते काय फक्त मंडळीतल्या लोकांपुरतं होतं? आपल्या प्रभूनेसुद्धा सगळ्यांत कठीण वेळी मित्रांना सांगितलं होतं की माझ्यासोबत जागे राहा. त्याला एकट्यानं झेपलं नसतं असं नाही, पण त्यानं मागितलं. तू त्याच्यापेक्षा मोठा केव्हापासून झालास?

सोडायचंच असेल तर सोड, पण खोटं बोलून सोडू नकोस. आणि बायकोला आधी सांग. ती कापडाची चूक लांबून ओळखते, तुझा हात तिला दिसला नसेल असं समजणारा तू शहाणाच म्हणायचा.

गुडघ्याचं मला विचारू नकोस, बाकी सगळं विचार.
तुझी,
ताई

दि. २४ मार्च

प्रिय ताईस,
सलाम वि. वि.

तुझं सगळं पटतं, जमत नाही. त्यात नवीनच ऐक. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी जे सेवानिवृत्त हेडक्लार्क आहेत, त्यांना माझ्या खोलीत बाटल्यांनी भरलेलं कपाट दिसलं आणि सहीच्या वेळी माझा हातही दिसला. त्यांनी दोन अधिक दोन करून मला दारुडा ठरवलं. गायनवृंदाच्या बाईंनी बिचाऱ्यांनी रडत रडत मला येऊन सांगितलं, आणि मी कुणाकडे तरी मदत मागावी असं सुचवलं. त्या बाटल्यांपैकी निम्म्या त्यांनीच आणलेल्या आहेत.

इतकी वर्षं ज्यांची लग्नं लावली, ज्यांच्या मयतांना उभा राहिलो, त्यांना हे खरं वाटलं. फार लागलं मनाला. राजीनामा लिहून ठेवलाय. पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या आधीच, वाचून दाखवीन आणि मोकळा होईन. हवेचं कारण लिहिलंय.

रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.
धाकटा

दि. ९ एप्रिल

ती. ताईंना,
सादर सलाम वि. वि.

तुमच्या भावाऐवजी मी लिहिते आहे. ते म्हणाले की ताईला तूच कळव, मी लिहिलं तर स्वतःला फार वाईट तरी ठरवीन नाहीतर फार चांगलं तरी.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी राजीनामा माझ्यासमोर ठेवला. मी वाचला आणि विचारलं की इथली हवा तीस वर्षांनी अचानक कशी बिघडली. तेव्हा ते स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं. मला हाताचं केव्हाच कळलं होतं. त्यांनी आपणहून सांगावं म्हणून मी थांबले होते, आणि थांबण्यात मीही चुकलेच. दोघंही भरपूर रडलो. मग ते म्हणाले की मला भीती वाटते. लग्न झाल्यापासून त्यांच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं. ताई, मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगते, त्या क्षणी ते मला फार जवळचे वाटले.

रविवारी ते पुढे उभे राहिले आणि खिशातला हात बाहेर काढून सगळ्यांना दाखवला. आजाराचं नाव सांगितलं. प्याला का रिकामा असायचा ते सांगितलं. म्हणाले की कपाटातला रस तुमच्या प्रेमाचा आहे, आणि तो मी लाजेपोटी कोंडून ठेवला. मी खोटं सांगून निघून जाणार होतो. आज प्याला काठोकाठ भरला आहे, पण तो मला एकट्याला नेता येणार नाही, कोणीतरी धरायला या.

कोणी हललं नाही. हेडक्लार्क चपलांकडे बघत बसले. मला वाटलं आता मीच उठावं, तेवढ्यात अगदी मागच्या बाकावरून मंडळीतला एक बसचालक उठला. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही. दारू सोडतो, पुन्हा धरतो, पुन्हा सोडतो. उपासनेला येतो, पण प्रभुभोजनाच्या आधी मुकाट्यानं निघून जातो, कारण सकाळी त्याचे हात आणि जबडा आवरत नाहीत. तो चालत पुढे आला आणि म्हणाला की साहेब, तुमचा हात आजारानं हलतो, माझा दारूनं, प्याल्याला काय कळतंय.

दोघांनी चार हातांनी प्याला धरला. सांडला, ताई. चांगलाच सांडला. सतरंजीवर सांडला, हेडक्लार्कांच्या पांढऱ्या शर्टावर सांडला. ते उठले तेव्हा मला वाटलं आता तणतणत बाहेर जाणार. त्यांनी खिशातला रुमाल काढला, प्याल्याखाली धरला आणि शेवटच्या रांगेपर्यंत त्या दोघांबरोबर हळूहळू चालत राहिले.

सगळ्यांचं झाल्यावर तळाशी घोटभर उरलं. तुमच्या भावानं प्याला आधी चालकाच्या ओठांना लावला. त्याचे दात प्याल्यावर वाजले, सगळ्या मंदिराला ऐकू आले, पण कोणी नजर चोरली नाही. मग चालकानं तो यांच्या ओठांना लावला.

राजीनामा मी चुलीत घातला. पंचांनी विचारलं तेव्हा तसंच सांगितलं. औषध वेळेवर चालू आहे, चालायला आम्ही दोघं जातो, घाई करत नाही.

उपासना सुटल्यावर चालक दाराशी घुटमळत होता. पुढच्या महिन्यात प्याला कोण धरणार असं त्यानं विचारलं. हे म्हणाले की तूच. तो दोन पायऱ्या उतरला आणि परत वळला. मग हळूच म्हणाला की आदल्या दिवशी मी प्यायलेलो असलो तर? हे म्हणाले की तरी ये. मग आणखी एकाला धरायला बोलावू.

तुमच्या आशीर्वादाची आम्हाला गरज आहे, हे आता मोकळेपणानं लिहिते.
तुमची,
भावजय